पाच हजार टनवाले

हे घरात कुणालाच ठाऊक नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, धाकट्या भावाला तर नाहीच नाही. आता सत्तरी ओलांडली, मार्गासनीला परत येऊन राहिलोय. दुपारी ओट्यावर बसतो. येणारेजाणारे हाक मारतात — सदाआण्णा, बरं हाय का? बरं आहे, म्हणतो. आणि बरंच आहे हो. जेवण जातं, झोप लागते, काही दुखत नाही. दुखायला पाहिजे होतं असं एक आहे, तेही दुखत नाही. म्हणून म्हटलं, एकदा कुणाला तरी सांगून बघावं. तुम्ही मला ओळखत नाही, ते एक बरं आहे.

कुठून सुरू करू? जहाजापासून करतो. तेवढं मला नीट सांगता येतं.

मी मुंबईला जहाजं मोजायचो. एका सर्व्हेअरच्या हाताखाली होतो. तो साहेब, मी फीत धरणारा. नव्या-जुन्या जहाजाच्या पोटात उतरायचं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फीत ताणायची, तळापासून छतापर्यंत ताणायची, आकडा मोठ्यानं सांगायचा. जहाजाचं टनेज काढायचं म्हणजे त्याच्या आतली जागा मोजायची. शंभर घनफूट जागा म्हणजे एक टन. हे आमच्या गावात आजवर एकालाही पटलेलं नाही. टन म्हटलं की इकडं वाळूचा ट्रक, काट्यावर उभा केलेला. टन म्हणजे वजन! रिकाम्या जागेचा कसला आलाय टन? सुट्टीला आलो की पारावर मंडळी टाळ्या द्यायची — सदा, तू मुंबईला हवा मोजतो व्हय रं? मोजतो की, म्हणायचो. पगार मिळतो हवेचा.

एवढं लांबण का लावतोय? उगाच नाही. मी जे केलं ते या टनातच केलं. दुसऱ्या कुणाला ते जमलंच नसतं.

आमच्या घरात थोरली आई होती. वडिलांच्या थोरल्या भावाची बायको — हौसाबाई. आईला शेतातून सवड नसायची, मला न्हाऊ घालण्यापासून शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं थोरल्या आईनं केलं. तिचा नवरा, माझे थोरले चुलते धोंडिबा, मी काही पाहिले नाहीत. ते माझ्या जन्माच्या आधीच गेले होते. गेले म्हणजे — कुठं गेले, तोच तर प्रश्न.

लग्न झालं तेव्हा थोरली आई चौदा-पंधराची. चुलते मुंबईला गोदीत हमाली करायचे. मग दुसरी लढाई लागली, जहाजांवर माणसं कमी पडायला लागली, आणि गोदीतून जो हाताला लागेल तो उचलायला लागले. आमच्या ह्या माणसानं मुंबईला जाईपर्यंत भाटघरच्या धरणाएवढंच पाणी बघितलं होतं. त्याला बॉयलरमध्ये कोळसा टाकायला घेतला. जायच्या आधी चार दिवस गावी आले आणि सगळ्या गावाला सांगत फिरले — पाच हजार टनांची बोट हाय आपली! बोटीचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. आकडा बसला. एवढी जड, मग बुडत कशी न्हाई, असं लोक विचारायचे म्हणे. त्यांनाही उत्तर येत नव्हतं. नुसते हसायचे.

त्यानंतर आले नाहीत.

पत्र नाही, सरकारचा कागद नाही. घाईघाईत उचललेला हमाल, नाव-गाव काय लिहून घेतलं असेल देव जाणे. लढाई संपली. शेजारच्या विंझर गावचा एकजण गोदीत होता, तो गावी आला आणि बोलून गेला — धोंडिबा आफ्रिकेत हाय, तिकडं बाई ठेवलीय, दुकान टाकलंय. त्यानं बघितलं होतं का? नव्हतं. ऐकलं होतं. पण गावाला तेवढं पुरलं. त्या दिवसापासून थोरली आई म्हणजे नवऱ्यानं टाकलेली.

तिनं कुंकू पुसलं नाही. कुणी पुसायला सांगितलंही नाही, कारण नवरा तर जिवंत होता ना — गावाच्या मते. आजोबांनी म्हणे एकदा विषय काढला होता, किती वर्षं झाली, आता क्रिया तरी करून टाकू. तर ही चुलीपुढून उठली नाही, एवढंच म्हणाली — मेल्याचं आधी दावा मला, मग करा. तिचं म्हणणं एवढंच होतं, आयुष्यभर. माणूस मेला की टाकून गेला? मेला असेल तर ती रडून मोकळी झाली असती. टाकून गेला असेल तर तेही तिनं पचवलं असतं, तशी खमकी होती. पण ह्यातलं काय ते तिला कळायला पाहिजे होतं. मागणं फार मोठं होतं का?

जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. थोरली आई घ्यायची नाही म्हणजे नाहीच. कुणी विचारलं तर म्हणायची — आमचे पाच हजार टनवाले. बायका मुद्दाम छेडायच्या, लग्नाकार्यात तिला पुढं ढकलायच्या, घे नाव, घे नाव. मग लाजत, पण ठसक्यात — 'पाच हजार टनांच्या बोटीला भोंगे दोन, धोंडिबारावांचं नाव घेते, अडवणार कोण?' सगळ्या हसायच्या. पाठ वळली की दुसरंच काही बोलायच्या. ते मी लहानपणी कितीदा ऐकलंय. तिनंही ऐकलं असणारच.

मी मुंबईत जहाजांच्या कामाला लागलो तेव्हा गावात सगळ्यात जास्त आनंद तिला झाला. सुट्टीला आलो, एसटीतून उतरलो, पिशवी खाली टेकायच्या आत प्रश्न यायचा — "आलं व्हतं का रं, पाच हजारवालं?" मी सांगायचो, थोरले आई, अशी शेकड्यानं जहाजं असतात, पाच हजारांची. ती मान हलवायची. "असतील की. त्यातलं येक आपलं."

आणि मग ते खरंच सापडलं.

जहाज नव्हे, माणूस. बाणकोटकडचे इब्राहिमचाचा. जन्मभर आगवाले म्हणून जहाजांच्या भट्ट्यांपुढं राबलेले, आता पार थकलेले, मुलाकडं माझगावला राहायचे. आमच्या साहेबाकडं कुणीतरी त्यांच्या गोष्टी सांगितल्या. लढाईत पाणबुडीनं ह्यांची बोट फोडली होती, असं कळलं. मी सहज म्हणून चौकशी केली, आणि त्यांच्या मुलानं सांगितलं की त्या बोटीवर कुणी घाटावरचा हमाल होता, बाबा अजून त्याची आठवण काढतात. मी गावी येऊन थोरल्या आईला सांगून ठेवलं — एक म्हातारा भेटलाय, विचारून येतो. बघा, माझा मूर्खपणा. आधी विचारायचं, मग सांगायचं, एवढंही सुचलं नाही.

गेलो चाचांकडं. आमच्या वेल्हे तालुक्यातला धोंडू म्हटल्यावर म्हातारा उठून बसला. सगळं सांगितलं. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, भर दुपारी पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. तो बरोबर बॉयलरवर बसला. चाचांची पाळी संपली होती, ते वर आले होते, धोंडू खाली होता. खालचं कुणीच वर आलं नाही. बोट बघता बघता गेली. जे वाचले ते दोन होड्यांत. आणि मग ती पाणबुडी वर आली, होड्यांच्या अगदी शेजारी. तिच्यावर एक दाढीवाला साहेब उभा. त्यानं मोडक्या इंग्रजीत विचारलं — जहाजाचं नाव काय? आणि टन किती?

माणसं किती होती हे विचारलं नाही. चाचा हे दोनदा बोलले. टन किती, हे विचारलं. तेव्हा त्यांचं तसंच असायचं — ज्यानं जास्त टन बुडवले तो मोठा कप्तान. होडीतल्या एका घाबरलेल्या पोरग्या अधिकाऱ्यानं सांगितलं, आठ हजार. साहेब खूश झाला, पाण्याचा एक डबा दिला आणि निघून गेला.

आठ हजार का? मी चाचांना विचारलं नाही. मला विचारायची गरजच नव्हती. पाच हजार ही त्या बोटीची जागा, फितीनं मोजलेली. आणि तीच बोट माल, कोळसा, पाणी भरून जे वजन उचलते ते आठ हजार. दोन्हीला टनच म्हणतात. बोट एक, आकडे दोन, दोन्ही खरे. माझं पोट ह्याच्यावरच भरत होतं.

तेव्हा मला कळलं होतं. पक्कं. शंकेला जागा नव्हती. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढं तुम्ही माझी बाजू घ्यायला जाऊ नका.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीचं लग्न होतं. मार्गासनीला, आमच्या दारात. सोयरिक भोरची, माणसं बरी पण तऱ्हेवाईक. एकदा त्यांच्याकडं कुणी वारलं म्हणून तारीख पुढं गेली होती, त्यावर नवऱ्या मुलाचा बाप बोलला होता — आता परत काही निघालं तर आम्ही दुसरीकडं बघू. गमतीत बोलला की काय, कुणास ठाऊक. मला ते लागून राहिलं होतं. शास्त्रात काय आहे मला माहीत नाही, पण आमच्याकडं मेल्याची बातमी कितीही उशिरा येऊ दे, कळल्या दिवसापासून सुतक धरतात. घरातला थोरला कर्ता पुरुष. मांडव दारात. आणि घरातली थोरली सवाष्ण एका दुपारी विधवा. भोरच्यांनी काय केलं असतं? मी मुंबईहून एसटीत बसलो तेव्हापासून हेच मोजत होतो.

घरी पोचलो. ओसरीवर बायका तांदूळ निवडत बसलेल्या, थोरली आई मध्ये. विंझरहून भांड्यांचा टेम्पो आला होता, पोरं कढया उतरवत होती, नुसता खणखणाट. तिनं सूप बाजूला ठेवलं. सगळ्यांदेखत विचारलं, कारण सगळ्यांना माहीत होतं मी कुणाला भेटून येतोय.

"भेटला का रं त्यो म्हातारा? काय म्हनला? पाच हजारांचीच का?"

सगळ्या जणी थांबल्या. माझी बायको माझ्याकडं बघत होती. तिला काही माहीत नव्हतं, ती नुसती बघत होती. आणि मी — मी विचार केला नाही. खरंच केला नाही. ते आपोआप तोंडातून आलं, कामावर आकडा सांगावा तसं.

म्हटलं, "थोरले आई, त्यांची बोट आठ हजारांची व्हती."

"आठ?"

"आठ."

"मंग ती न्हवं," ती म्हणाली. आणि सूप ओढून घेतलं.

झालं. एवढंच. खोटं म्हणावं तर एकही शब्द खोटा नव्हता. आठ हजार तर होतीच ना ती? पण तिनं माझ्या आकड्यावर जन्मात कधी शंका घेतली नाही. तिच्या लेखी आकडा म्हणजे सदा. तिनं दुसरा प्रश्नच विचारला नाही. मला वाटलं होतं विचारेल. विचारला असता तर मी — जाऊ दे. विचारला नाही.

लग्न होऊ दे, मग सांगू. असं मनाशी ठरवलं, आणि चहा प्यालो. चहा चांगला झाला होता, हेही आठवतंय.

दुसऱ्या दिवशी हळद. थोरल्या आईनंच पोरीला लहानाचं मोठं केलेलं, तीच वाटी घेऊन पुढं आली. भोरकडची एक जाडजूड आत्याबाई, नवऱ्या मुलाची. तिनं वाटीवर हात ठेवला. मोठ्यानं नाही, हळूच म्हणाली — "आजी, तुमी नका. जिला नवरा नांदवतो तिनंच लावावी." थोरली आई जागेवर थांबली. तिच्या बोटांना हळद लागली होती. ती तिनं आपल्याच पायाला पुसली आणि भिंतीला टेकून बसली. वाजंत्री चालू होती. मी हातात पानांचं ताट घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

तुम्ही म्हणाल, सांगितलं असतं तरी काय, विधवेलाही हळद लावू देत नाहीत. मीही स्वतःला हेच सांगायचो, बरीच वर्षं. पण ते तसं नाही. विधवेला बाजूला बसवतात तेव्हा दोष नशिबाला देतात. टाकलेलीला बाजूला बसवतात तेव्हा दोष तिला देतात — हिच्यातच काहीतरी कमी असणार, उगाच का नवरा पळेल? हा फरक मला त्या क्षणी कळत होता. मला एकट्यालाच कळत होता, त्या सगळ्या मांडवात. आणि मी पानं वाटायला पुढं गेलो.

लग्न पार पडलं. मग मुलीचा पहिला दिवाळसण. मग तिला दिवस गेले, अशा वेळी घरात सुतक नको. मग बारसं. मग भावाच्या मुलाचं जमत होतं. दर वेळी काहीतरी असायचंच. पुढं पुढं काही नसायचं, तरी मी सांगितलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कारण लागतच नव्हतं. इब्राहिमचाचा वारले. आता विचारायला कुणी उरलं नाही, हे कळल्यावर मला काय वाटलं ठाऊक आहे? सुटलो, असं वाटलं.

एक गोष्ट मी वर गाळली. विसरलो नव्हतो, मुद्दाम गाळली. ती सांगतो.

चाचांनी निघताना माझा हात धरून ठेवला होता. म्हणाले, भट्टीपुढं तुझा चुलता दिवसभर बायकोचंच सांगायचा. हौसा असं करते, हौसा तसं बोलते, हौसाच्या हातची भाकरी. सगळे कंटाळून हसायचे, आणि त्याला बोटीवर धोंडू म्हणणं सोडून हौशाच म्हणायला लागले होते. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, तोसुद्धा हौशा म्हणून हाक मारायचा. ही खेप झाली की बोट सोडणार, भातलावणीला घरी जाणार, हे त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. चाचा म्हणाले, त्याची बायको असेल तर तिला एवढं सांग. मी म्हटलं, सांगतो.

इकडं ही बाई जन्मभर त्याचं नाव घेत नव्हती, आणि तिकडं तो हिच्या नावानंच ओळखला जात होता. हे मला माहीत होतं. जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. हे सांगायला सुतक आडवं येत नव्हतं, भोरचे पाहुणे आडवे येत नव्हते. नुसतं तोंड उघडायचं होतं.

काही वर्षांनी थोरली आई आजारी पडली. भोरच्या दवाखान्यात ठेवली होती. मी मुंबईहून आलो तो सांगायचं ठरवूनच. आता राहिलंय काय, म्हटलं. सकाळची वेळ, शेजारची खाट रिकामी, बायको खाली चहा आणायला गेलेली. ह्यापेक्षा चांगली वेळ कुठली? ती जागी होती. बारीक झाली होती फार. मी स्टूल ओढून बसलो. घसा साफ केला. खरंच केला.

पण तीच बोलायला लागली. पाच हजारवालं आलं का, हे नाही. ते तिनं विचारणं कधीच सोडलं होतं, माझ्या त्या आठ हजारांपासून. ती छताकडं बघत म्हणाली, "त्यास्नी तिकडं पोरंबाळं झाली असतील. न्हाई रं, सदा?"

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"तुझ्याएवढी असतील आता."

आता सांगायचं होतं. हाच तो क्षण, दुसरा येणार नव्हता, मला कळत होतं. तिच्या आवाजात राग नव्हता हो. राग असता तर कदाचित सांगितलं असतं. ती अगदी शांत होती. इतकी वर्षं खपून तिनं तो माणूस तिकडं नीट वसवला होता — घर दिलं, बाई दिली, पोरं दिली — आणि त्याला माफ करून टाकलं होतं. जे त्यानं केलंच नव्हतं ते.

"असतील," मी म्हणालो.

मग म्हणाली, "बरं झालं. मातारपनी येकटं न्हाईत म्हनायचं."

मी म्हणालो, "न्हाईत, थोरले आई." आणि तिच्या पायावरची चादर सरकली होती ती नीट केली.